शब्द काढून घेतलेली चाल

पेटीचा भाता बंद करून त्यावर तळहात ठेवायचा आणि समोरच्याकडे बघून म्हणायचं, "आधी शब्द सांग." मावशींची ही सवय कोपरच्या त्यांच्या वस्तीत सगळ्यांना पाठ होती. शब्द मिळेपर्यंत तो हात पेटीवरून हलायचा नाही.

माझी त्यांची गाठ पडली ती एका छोट्या फिल्ममुळे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण कॅमेऱ्याला भाडं असतं. माझी सगळी ऐपत त्यात संपली होती. फिल्म दहा-बारा मिनिटांची. बायको गेल्यावर एक म्हातारा माणूस पहिल्यांदा स्वतः पिठलं करतो, एवढीच गोष्ट. म्हाताऱ्याचं काम माझ्या बाबांनी केलं होतं आणि शूटिंग झालं आमच्याच माजिवड्याच्या स्वयंपाकघरात. आईला जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. कॅमेऱ्यासमोर बाबांच्या तोंडून एक वाक्य फुटेना, म्हणून मी फिल्म मूकच ठेवली. आता सगळी भिस्त संगीतावर होती.

ठाण्यातल्या एका हुशार मुलाने नमुना पाठवला. त्यात इतकी व्हायोलिनं होती, की बाबा बेसन कालवतायत की कड्यावरून उडी मारतायत ते कळेना. दुसऱ्या एकाने स्टुडिओचं भाडं ऐकवलं, तेव्हा मीच फोन ठेवला. शेवटी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे एक मावशी आहेत, भीमजयंतीच्या कार्यक्रमातल्या निम्म्या चाली त्यांच्याच असतात, विचारून तर बघ.

मावशी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, तिथून निवृत्त झालेल्या. घर एका खोलीचं, त्यामुळे पेटीची जागा वॉशिंग मशीनवर. मशीन कपडे पिळायला लागलं की पेटी थरथरायची आणि मावशी गाणं थांबवून म्हणायच्या, "याचं होऊ दे आधी." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. अडचणीलासुद्धा ती पाहुण्यासारखी वागवतात.

त्यांनी फिल्म माझ्या मोबाईलवर दोनदा पाहिली. मग हात पेटीवर ठेवला. "हा माणूस काय म्हणतोय?"

मी सांगितलं की काहीच म्हणत नाही, फिल्म मूक आहे, आम्हाला गाणं नको, नुसती धून हवी.

"तोंडाने नाही म्हणत गं. पण म्हणतोय ना काहीतरी? बिनशब्दाची चाल मला येत नाही. शब्द दे. चाल बसली की मग शब्द काढून घेऊ."

अशी पद्धत मी कधी ऐकली नव्हती. तरी घरी येऊन रात्रभर खपून विरह, सांजवेळ, रिकामा झोपाळा असं बरंच काही लिहिलं. आमच्याकडे झोपाळा कधीच नव्हता. मावशींनी ते चालीत म्हणून पाहिलं, दुसऱ्याच ओळीला थांबल्या आणि म्हणाल्या की हे सगळं तू बोलतेयस, तुझ्या बाबांना विचार.

मला ते जमणारं नव्हतं. आई गेल्यापासून बाबा आणि मी गॅस सिलिंडर, बीपीच्या गोळ्या आणि लिफ्टचं मेंटेनन्स यापलीकडे बोललोच नव्हतो. त्यांना काय वाटतं हे मला जिवापाड जाणून घ्यायचं होतं. खरं तर फिल्म मी त्यासाठीच काढली होती. पण विचारायला गेले की मी भलतंच काहीतरी बोलून बसायचे. हे मावशींना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग मी येते."

रविवारी त्या आल्या. दारातच "जय भीम, दादा" म्हणून थेट चहा मागितला, आणि बाबा करायला उठले तशा त्यांच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. मला लिंबं आणायला पिटाळलं. चहाला लिंबं कशाला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. परत आले तेव्हा दोघं ओट्याला टेकून बसले होते आणि बाबांचे डोळे लाल होते. कांदा चिरत होतो, म्हणाले. घरात कांदा नव्हता.

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग झालं, आमच्या आतल्या खोलीत, खिडकीला गोधड्या लावून. पंखा बंद, फ्रीज बंद. मावशी पेटीवर नुसत्या गुणगुणल्या. ते इतकं साधं होतं, की कोणी काम करता करता स्वतःशीच बोलावं. मी हेडफोन लावून रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. नंतर मी शब्द विचारले.

"ते माझे नाहीत, पोरी. ज्यांचे आहेत त्यांच्याकडे माग."

त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. इतकी वर्षं चाली केल्या, पण बॅनरवर नाव गायकाचं यायचं. तेव्हा पडद्यावर त्यांचं नाव यावं, आणि वाचता येईल इतका वेळ राहावं. ठाण्याच्या एका छोट्या हॉलमध्ये फिल्म दाखवली, तेव्हा ते भर्रकन निघून गेलं. शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "वाचून व्हायच्या आत गेलं गं." मी त्याच आठवड्यात फिल्म पुन्हा एडिट केली. आता त्यांचं नाव सगळ्यांच्या नावांपेक्षा जास्त वेळ थांबतं, आणि कोणी कारण विचारलं की मी सांगत नाही.

शब्द मात्र मी बाबांकडे मागितले नाहीत. आज मागू, उद्या मागू करत राहिले. तेवढ्यात गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कोपरच्या बुद्ध विहारात होता. मी निघाले, तर बाबा आधीच चपला घालून उभे. त्रिशरण-पंचशील झालं, मंडळातल्या बायकांनी मावशींच्या चालीतली गाणी म्हटली. मग कोणीतरी विचारलं की आणखी कोणाला दोन शब्द बोलायचेत का. माझ्या शेजारचे बाबा उठले. मला वाटलं, बाहेर जातायत.

ते माईकपाशी गेले आणि त्यांनी ती चाल धरली. सूर कुठल्या कुठे जात होता. पण शब्द स्पष्ट होते.

"सापडतंय गं सारं मला आता घरात,
तरी विचारतो तुलाच, मीठ कुठल्या डब्यात?"

आई असताना जेवताना मीठ घ्यायला स्वयंपाकघरात गेले की ते रोज हे विचारायचे. बाहेरच्या खोलीतून तिचं उत्तर यायचं, कधी चिडून, कधी हसून.

भीमगीतांत गायकाने ओळ म्हटली की ती कोरसने उचलायची असते, त्यासाठी कोणी सांगावं लागत नाही. पेटीवरच्या बाईंनी बाबांचा सूर शोधला, आणि विहारातल्या सगळ्या बायकांनी माझ्या आईला विचारलं, मीठ कुठल्या डब्यात. बाबा माईकला धरून त्यांचं म्हणून व्हायची वाट बघत होते. त्यांना अजून पुढची ओळ म्हणायची होती.