कचऱ्याचं रुखवत

आमच्या गल्लीत कचऱ्याची सगळ्यात लहान बादली माझी. हे मी उगाच फुशारकी मारत नाही, घंटागाडीवाला भाऊसुद्धा सांगेल. सकाळी गाडी गाणं वाजवत वळली की बाकीच्या बायका दोन-दोन भरलेल्या बादल्या ओढत आणायच्या, आणि मी आपली एका हातात एवढुशी बादली घेऊन ऐटीत उभी. "ताई, तुमच्याकडं तर काही निघतच नाही," तो म्हणायचा, आणि माझा दिवस छान जायचा. लग्न होऊन जळगावला आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. नवरा पाइपच्या कंपनीत, नोकरी शिफ्टची. घर दोन खोल्यांचं होतं तेव्हाही चकचकीत होतं आणि वर मजला चढला तरी चकचकीत आहे. आहे मला त्याचा गर्व. असू दे की.

मुलगी मात्र माझ्यावर गेली नाही. ती धुळ्याला चित्रकलेच्या कॉलेजात शिकते, होस्टेलवर राहते, आणि तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. दसऱ्याच्या आधी तिचा फोन आला. शेवटच्या वर्षाला तिला एक परफॉर्मन्स करायचा होता.

"म्हणजे नाटक का?" मी विचारलं.

"नाटक नाही, मम्मी. नाटकात खोटं चालतं. यात मी मीच असणार, आणि जे असेल ते खरं असणार."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी खाली बसलेच. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आमच्या घरातला सुका कचरा बाहेर टाकायचा नाही. भाजीची देठं, सालं जाऊ द्यायची, बाकी सगळं साठवायचं. आणि मग ती ते सगळं अंगावर घालून सराफ बाजारात चार तास उभी राहणार. आमच्या घरचा कचरा! सराफ बाजारात! जिथं माझं मंगळसूत्र घडवलं, जिथले अर्धे दुकानदार मला ओळखतात.

"अगं, पण दिवाळीचाच महिना कशाला? पितृपक्षात करायचं होतंस, तेव्हा कोणी काही घेत नाही!"

ती खूप हसली. "म्हणून तर दिवाळी, मम्मी," म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "एकच नियम आहे. काही लपवायचं नाही. लोक मला विचारतील, सगळं एवढंच का? आणि मी हो म्हणणार. एक कागद जरी लपवला ना, तर मी सगळ्या बाजारासमोर खोटी ठरेन. होस्टेलवरचं माझं मी साठवते. घरचं तुझ्या भरवशावर."

"मी कशाला लपवू? माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं. चांगलं फणकाऱ्यानं म्हटलं.

आता खरं सांगते. होतं.

मुलगी धुळ्याला गेली तेव्हापासूनची गोष्ट. यांची शिफ्ट, घर आवरून अकरा वाजता मोकळं, आणि मग दुपार संपता संपायची नाही. एक दिवस मोबाइलवर भाजी चिरायचं यंत्र दिसलं, ते मागवलं. तीन दिवसांनी दुपारी बेल वाजली, पार्सलवाल्यानं माझं नाव घेतलं, "काकू, ओटीपी सांगा" म्हणाला. बस, एवढंच. पण बेल माझ्यासाठी वाजली होती. मला फार बरं वाटलं, लाज कशाला वाटून घेऊ. मग बाटल्या घासायचे ब्रश आले. पडद्याला लावायची चुंबकाची फुलं आली. मोबाइल ठेवायचं स्टँड, पायपुसणी, अंडी उकडायचं भांडं. आमच्याकडे अंडी खात नाही कोणी! बहुतेक वस्तू मी एकदा बघून दिवाणात टाकल्या. आणि त्यांची प्लॅस्टिकची पाकिटं सकाळी फिरायला जाताना पदराआड धरून कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर टाकून यायचे. म्हणून माझी बादली लहान. घ्या!

दसरा झाला आणि मी सुरुवात केली. मागच्या गॅलरीत एक पोतं ठेवलं. पहिल्याच दिवशी दुधाच्या पिशव्या, शेवेचं पाकीट, शाम्पूच्या पुड्या पोत्यात पडल्या आणि दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. माझ्या घरात मुंग्या! तिथून मी जे केलं ते माझ्यासारखीच बाई करू जाणे. मी कचरा धुवायला घेतला. दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्यातून काढून दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. तेलाच्या पिशव्यांना राखेनं चोळलं. बिस्किटांचे पुडे उलटे करून पुसले. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "काय हो, यंदा दिवाळीआधीच पापड घातले का?" मी म्हटलं, "हो, प्लॅस्टिकचे आहेत, पाठवू का तळायला?"

दिवाळीला नवे शर्ट आले, तर एका शर्टातून किती निघावं? पुठ्ठा, कॉलरची पट्टी, टाचण्या, चिमटे, बाहेरची पिशवी. मी सगळं वेगळं केलं. मिठाईचे खोके एकात एक बसवले, फटाक्यांच्या खोक्यांना रबर लावलं, गोळ्यांची रिकामी पाकिटं एका डब्यात. रंगांप्रमाणे गठ्ठे केले. आणि वर डांबराच्या गोळ्या टाकल्या.

फक्त पार्सलची पाकिटं त्यात नव्हती. मागवणं मी थांबवलं असतं तर प्रश्नच नव्हता. ठरवलंही होतं. पण दिवाळीचा सेल लागला, आणि दुपार तेवढीच लांब. त्या महिन्यात सतरा पाकिटं झाली. प्लॉटवर टाकायची मात्र हिंमत झाली नाही. नियम म्हणजे नियम, असं मनात कुठंतरी होतं. म्हणून एका पिशवीत कोंबून दिवाणात रजयांखाली ठेवली. ना टाकली, ना दिली.

मुलगी सुटीला आली, गॅलरीत गेली, आणि तिनं कपाळाला हात लावला. "मम्मी, हा कचरा आहे, रुखवत नाही!"

"मग काय घाणेरडा देऊ? लोक म्हणतील, यांच्या घरचा कचरासुद्धा घाण."

ती आधी चिडली, मग हसता हसता जमिनीवर बसली. तिनं धुळ्याला तिच्या सरांना फोन लावला. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "सर म्हणाले, धुतलेलाच राहू दे. आपल्या घरचा कचरा असाच असतो, हेही खरंच आहे ना."

रावेरला माझ्या भावाची केळीची बाग आहे. त्याच्याकडून तिनं ठिबकच्या जुन्या काळ्या नळ्या आणल्या आणि त्यांच्या आठ रिंगा केल्या, खांद्यापासून पायापर्यंत मोठ्या मोठ्या होत जाणाऱ्या. त्या दोरीनं एकमेकींना बांधल्या. मग वरच्या खोलीत आम्ही दोघी सुई-दोरा घेऊन बसलो. मी माझ्या आयुष्यात किती रुखवतं मांडली असतील, पुतणीचं, भाचीचं, पण अशी मजा आली नव्हती. दुधाच्या पिशव्यांच्या झालरी केल्या, खालच्या रिंगेला मिठाईचे खोके लावले. ती सांगत होती, मी टाचत होते. कॉलेजात गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याजवळ सलग चार दिवस बसली. तेव्हाच सांगायला हवं होतं. एकदा तोंड उघडलंही. तेवढ्यात हे कामावरून आले, ढीग बघून म्हणाले, "एवढा कचरा आपला?" आणि ती म्हणाली, "पप्पा, एवढाच आहे, मम्मीमुळे. बाकीच्यांच्या घरी याच्या तिप्पट निघेल." मी तोंड मिटलं आणि दोऱ्याला गाठ मारली.

तुळशीचं लग्न झालं की सराफ बाजारात लग्नाच्या खरेदीची झुंबड उडते. ती सकाळी दहाला उभी राहिली, एका बंद दुकानाच्या ओट्याजवळ. मी समोरच्या बाजूला सावलीत. तिचे सर धुळ्याहून पहाटेच्या एसटीनं आले होते. ती जागची हलली नाही, हसली नाही. वाऱ्यानं पिशव्या सळसळायच्या तेवढाच आवाज. पुढ्यात पाटी होती: 'आमच्या घरचा एक महिना. विचारा, सांगेन.' लोक आधी लांबून बघत, मग गाड्या थांबवून जवळ येत. कोणी म्हणालं जाहिरात आहे, कोणी म्हणालं नवस असेल. एक बाई आपल्या हातातल्या चार पिशव्या पाठीमागे लपवून उभी राहिली.

अकराच्या सुमारास गंमतच झाली. बाजारातल्या व्यापारी मंडळींपैकी एक गृहस्थ गर्दी बघून आले. त्यांना वाटलं कार्यक्रम आहे. आणि कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच. पाच मिनिटांत शाल, नारळ, गुच्छ हजर! शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, गुच्छाला चमचमता कागद. त्यांनी कचऱ्यावरून तिच्या खांद्यावर शाल घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनं अगदी शांतपणे शालीची पिशवी घेतली, गुच्छाचा कागद सोडवला आणि दोन्ही आपल्या रिंगेला टाचले. गृहस्थ खो खो हसले आणि स्वतःच्या खिशातली गुटख्याची पुडी काढून म्हणाले, "हीपण लावू का?"

"ती तुमच्या घरची आहे," ती म्हणाली. "तुम्ही लावा."

काय सांगू, माझा ऊर भरून आला. माझी पोरगी! घरी जिला चहाचा कप उचलून ठेवता येत नाही, ती भर बाजारात अशी उभी.

तेवढ्यात एक म्हातारे बाबा पुढे आले. धुळ्याकडचे असावेत, बोली तिकडची. नातीला घेऊन तिच्या लग्नाचं सोनं घ्यायला आले होते. त्यांनी तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली, चष्मा सारखा करून एकेक वस्तू पाहिली, आणि विचारलं, "बठ्ठं इतलंच शे का, माय?"

"हो, आबा. सगळं एवढंच."

"काही दडायेल नही ना?"

ती म्हणाली, "नाही आबा. घरचं माझ्या मम्मीनं साठवलंय. माझी मम्मी खोटं बोलत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही, बघायची गरजच वाटली नाही तिला. तिला एवढी खात्री होती. मी इतकी वर्षं गल्लीत मिरवले ते सगळं एका बाजूला, आणि हे एका बाजूला. स्कूटीची किल्ली हातात होतीच. मी गर्दीतून वाट काढत निघाले, घरी पोचले, चप्पलसुद्धा न काढता आत गेले, दिवाण उघडला आणि रजया फेकून पिशवी काढली. नळ समोर होता. धुतली नाही.

परत आले तेव्हा बाबा ओट्यावर टेकून पाणी पीत होते. मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"हे राहिलं होतं," मी म्हटलं. आवाज नको तेवढा मोठा निघाला, पण मी कमी केला नाही. "हेही आमच्याच घरचं. हे माझं आहे. मी लपवलं होतं. हिला माहीत नव्हतं."

गर्दीत कोणीतरी हसलं. ओळखीच्या एका दुकानदारानं मान दुसरीकडे वळवली. मुलीनं पिशवीत हात घालून एक पाकीट काढलं, मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकावर माझं नाव. ती तारखा वाचत होती.

"रोज दुपारी?" तिनं हळूच विचारलं.

"रोज नाही. एक दिवसाआड." मग खरं तेही बोलून टाकलं. "तू गेल्यावर बेलच वाजत नव्हती गं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चार तास अंगावरचं काही उतरवायचं नाही, असा तिनं स्वतःला नियम घातला होता. तिनं तो मोडला. वरची, खांद्यावरची रिंग तिनं दोरी सोडून काढली आणि खालच्या रिंगेची दोरी खांद्यावर घेतली. "माझ्याकडे जागा उरली नाही, मम्मी," म्हणाली, "हे तू घाल." आणि माझ्या दिवाळीच्या नव्या साडीवर, भर सराफ बाजारात, तिनं ती रिंग माझ्या डोक्यावरून खांद्यावर उतरवली. तिच्या सरांनी टाचण्या दिल्या. त्या आमच्याच शर्टातल्या होत्या. तिनं सतराच्या सतरा पाकिटं एकेक करून टाचली, नावाची बाजू बाहेर ठेवून. मी म्हटलं, "जरा सरळ लाव, तिरपं दिसतंय." ती रडता रडता हसली.

मग आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. बाबा पुन्हा उठले, या वेळी माझ्याभोवती चक्कर मारली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

"आते बठ्ठं शे," म्हणाले, आणि नातीला घेऊन दुकानात गेले.

थोड्या वेळानं एक बाई आली. तीच, पिशव्या पाठीमागे लपवणारी. आता पिशव्या पुढे होत्या. तिनं आम्हा दोघींना वर-खाली बघितलं आणि मुलीला विचारलं, "सगळं एवढंच ना?"

"हो, एवढंच," मुलगी म्हणाली. "माझी मम्मी खोटं बोलत नाही."

मी समोर बघत होते. रिंगेवरची पाकिटं हनुवटीपर्यंत आली होती, त्यामुळे मान खाली घालताच येत नव्हती. येत असती तरी घातली नसती.