वरणात पाल पडली तेव्हा

दुपारपासून घास गिळवत नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतेय.

आज चिखलीत आमच्या चर्चमध्ये उपासनेनंतर प्रेमभोजन होतं. वाढायचं काम माझ्याकडे होतं. वरणाचं झाकण काढलं, तर वर मेलेली पाल तरंगत होती.

मी जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या दाऊदभाऊंना बोलावलं. त्यांनी पळीनं पाल काढून मागे फेकली.

"कोणाले सांगू नको. प्रार्थना करून वाढ, काही होत नाही."

"भाऊ, लहान लेकरं जेवणार हायेत."

"तुले विश्वास नाही काय?"

"हाय ना. मंग पहिली वाटी तुम्ही घ्या."

भाऊ दाराकडं पाहत म्हणाले, "मले आज पोटाले बरं नाही."

पालीपेक्षा त्या उत्तराचीच मला जास्त किळस आली. माझ्यासोबत वाढायला असलेल्या रूथकाकूंनी आणि मी पातेलं उचललं आणि सगळं वरण मागच्या खड्ड्यात ओतलं.

लोक भात आणि वांग्याची भाजी जेवले. भाऊ सगळ्यांना सांगत होते, "हिनं देवाच्या घरचं अन्न फेकलं." मी मात्र मोरीत बसून ते पातेलं दोनदा घासलं. आज माझ्या वाट्याला आलेली देवाची सेवा तेवढीच होती.

जे आपण तोंडात घालणार नाही, ते देवाच्या नावानं दुसऱ्याच्या लेकराला वाढायचं, याला विश्वास म्हणायचं का?