मागच्या गल्लीला गेलेला मेल

त्या दिवशी नाशिकला एका सायबर कॅफेत बसून मी अख्ख्या कॉलनीसमोर भांडण काढलं... तेही चुकून! दोन हजार सालानंतरची गोष्ट, घरोघरी इंटरनेट यायचं होतं तेव्हाची.

आमच्या कॉलनीत नळाला पाणी यायचं सकाळी अकराला. मी आणि हे, दोघंही ऑफिसात. घरी एकट्या सासूबाई, वय सत्तरच्या पुढे. बादली उचलताना ओल्या फरशीवर पडल्या आणि मनगट मोडलं... प्लास्टर निघाल्यावर पुन्हा त्याच बादल्या.

वेळ बदलून घ्यायला आम्ही गल्लीतली माणसं नगरसेवकांकडे तीनदा गेलो. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. दर वेळी हार, नारळ, निवेदन आणि फोटो. भाऊ हात जोडून म्हणायचे, "वहिनी, मी आजच बदलतो हो, पण मागची गल्ली लय अडून बसलीय. त्यांना नाय चालत."

मग काय... मागच्या गल्लीशी आमचं बोलणंच तुटलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना आमचं बोलावणं नाही, आम्हाला त्यांचं नाही. मी तर भाजीवालीसमोरसुद्धा त्यांच्याकडे पाठ करून उभी राहायचे.

कॉलनीतल्या एका इंजिनिअर मुलीने गणपतीच्या कार्यक्रमांसाठी ईमेल ग्रुप काढला होता. त्यावर आरतीच्या वेळेबद्दल ह्यांनी काहीतरी लिहिलं होतं. ह्यांचं नाव दिसलं म्हणून, फक्त ह्यांनाच जाईल असं समजून मी त्या मेललाच रिप्लाय केला, "आरतीचं राहू द्या. मागच्या गल्लीच्या हट्टापायी आईंचा हात मोडला. त्या लोकांना काळीज नाही." गेलं ते सगळ्या कॉलनीला.

संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, तेव्हा दाराबाहेर पडायची लाज वाटू लागली. दुसऱ्या दिवशी लंच टाइममध्ये घाबरत घाबरत मेल उघडला. पहिलंच उत्तर मागच्या गल्लीतल्या एका काकूंचं, सुनेकडून टाइप करून घेतलेलं... "अहो, आम्हाला पण अकरालाच येतं! भाऊ म्हणाले, तुमची गल्ली अडून बसलीय."

खाली तिसऱ्या आणि चौथ्या गल्लीची उत्तरं. सगळ्यांना तेच सांगितलेलं, फक्त गल्लीचा नंबर बदलून.

आधी हसू आलं, मग संताप, आणि मग इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू... वेळ बदलणं एका फोनचं काम होतं. पण मग वर्षभर आमचे हार कोणी घेतले असते?

रविवारी चारही गल्ल्या एकत्र गेलो. हार नाही, नारळ नाही... नुसती त्या मेलची प्रिंट. भाऊंनी दोन पानं वाचली, घाम पुसला आणि आमच्यासमोरच पाणीपुरवठ्याला फोन लावला. आठवड्याभरात साडेसहाला पाणी सुरू! बादल्या हे भरायला लागले आणि आई पांघरुणातून सूचना द्यायला.

महिनाभराने भाऊ स्वतः आमच्या दारात हजर. "वहिनी, तेवढं मला पण त्या ग्रुपात घ्या ना..."

मी आईंकडे पाहिलं. मनगट चोळत त्या म्हणाल्या, "घे गं त्याला. पण नुसतं वाचायचं म्हणावं. लिहायचं नाही."

आम्ही अगदी तसंच केलं. जन्मभर पुढाऱ्यांची भाषणं ऐकत आलेल्या माझ्या सासूबाईंनी एका पुढाऱ्याला ऐकायला बसवलं... त्या दिवशी मला त्यांचा फार, फार अभिमान वाटला.