मर्लच्या हातचा चाप

आर्विन क्राइडरकडे रिव्हॉल्वर घेऊन जायचं म्हणजे ठाण्यात जबानी द्यायला जाण्यासारखंच होतं. स्पर्धेच्या रिव्हॉल्वरचा चाप लोण्यासारखा मऊ करून देणारा त्याच्या तोडीचा कारागीर मायर्सटाउनच्या आसपास दुसरा नव्हता. हे त्याचे वैरीही कबूल करत, आणि वैऱ्यांना तोटा नव्हता. पण तो आधी रिव्हॉल्वर बघायचा नाही, माणूस बघायचा. कुठून घेतलं, कुणाकडून घेतलं, त्याने का विकलं, तुझ्याआधी कुणी उघडलं होतं का, हे सगळं विचारून झालं की पुन्हा पहिल्यापासून विचारायचा, उत्तर बदलतं का ते पाहायला.

हा माणूस चर्चच्या जेवणात केकचा तुकडासुद्धा कुणी भाजला ते विचारल्याशिवाय ताटात घेत नसे. अंडी घेताना कोंबड्या पाहायला मागे. टपालवाल्याला म्हणे, 'माझी पत्रं तू उजेडात धरून वाचतोस.' बिचाऱ्या टपालवाल्याला आर्विनच्या वीजबिलात काय गोडी असणार? एकाहत्तर वर्षांचा झाला, बायको गेली, मुलं दूर गेली, तरी संशय काही त्याला सोडून गेला नाही.

मंगळवारी सकाळी डोरीन हाफर शाळेची बस रिकामी करून थेट त्याच्या शेडपाशी आली, हातात दोन पेट्या घेऊन. पंचावन्नची बाई, तीस वर्षं बस चालवतेय, आणि पोलादी पाट्या पाडायच्या स्पर्धेत रिव्हॉल्वरच्या गटात ह्या वर्षी पहिल्यांदा राज्याच्या सामन्याला निवडली गेलेली. सामना तीन आठवड्यांवर होता.

"दोन आणलीत," ती म्हणाली. "ह्यातलं कुठलं घेऊ ते तुम्ही सांगा. मग त्यावरच काम करा."

"दोन कशाला? एक परत करणार आहेस?"

"हो. जुनं आवडलं नाही तर परत घेईन म्हणालाय तो."

"तो कोण?"

"क्लबातला एक जण."

"क्लबात दोनशे जण आहेत, डोरीन."

"अहो आर्विन, तुम्ही रिव्हॉल्वर तपासता की मला?"

तिने पेटी उघडताना एकदाही वर पाहिलं नव्हतं, तेवढं त्याने मनात नोंदवून ठेवलं.

पहिलं कोरं होतं, दुकानातून आणलेलं. त्याने चक्र बाहेर काढलं, सहाही भोकांत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली आणि चाप ओढला. गोठ्याचं दार ओढावं तसा तो खरखरत आला. चक्राला बोटाने हलकेच अडवून त्याने पुन्हा ओढला. टोला मारणारा घोडा पडायच्या आत चक्र जागेवर येऊन अडकलं. सहाही वेळा. "कडक आहे, पण प्रामाणिक आहे," तो म्हणाला.

मग दुसरं उचललं. घोड्याचं शेपूट कापून टाकलेलं, मूठ घासून गुळगुळीत झालेली. चाप ओढला आणि त्याचा हात थांबला. कुठे अडखळ नाही, खरखर नाही, शेवटी ढकलावं लागत नाही. इतका चांगला चाप त्याने कित्येक वर्षांत स्वतःच्या बाकाबाहेर पाहिला नव्हता. साहजिकच त्याचा संशय बळावला.

"हे नको," तो म्हणाला.

"का? मला तर हेच आवडलंय."

"म्हणूनच नको. कडक चाप मऊ करता येतो. लबाडीने मऊ केलेला चाप खरा करता येत नाही. कुणीतरी ह्याच्या स्प्रिंगला ताण देणारा स्क्रू कापून आखूड केलाय. काउंटरवर गोड लागतं, आणि ऐन सामन्यात घोडा काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर नुसती टिचकी मारून गप्प बसतो, बार उडतच नाही."

"उघडून बघा ना मग."

त्याने उघडलं. बाजूची पाटी सुटली, भिंग डोळ्याला लागलं. घासकाम एकाच दिशेने, लांबीच्या रेषेत केलेलं होतं. घोड्याची धार जिथे अडकते तिथे कानशीचा एक ओरखडाही नव्हता. हा हात तो ओळखत होता, त्यानेच शिकवला होता.

"मर्ल लाँगनेकर," तो म्हणाला.

डोरीनने पेटीचं झाकण लावलं.

"म्हणून नाव सांगत नव्हतीस."

"नाव सांगितलं असतं तर तुम्ही पेटी उघडू दिली असतीत का?"

मर्ल त्याच्या धाकट्या बहिणीचा, आर्लीनचा, नवरा. ह्याच शेडमध्ये दोघांनी अकरा वर्षं एकत्र काम केलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी राज्याच्या सामन्यात, शेवटच्या फेरीत, आर्विनच्या रिव्हॉल्वरने दोनदा नुसतं टिक केलं आणि गोळी उडाली नाही. त्या रिव्हॉल्वरचा चाप मर्लने बसवला होता. 'शाबासकी मिळवायला स्क्रू कापला लेकाने,' असं आर्विन त्याच संध्याकाळी साऱ्या क्लबासमोर बोलला. बाकी जगाच्या बंदुका उघडून बघणाऱ्या ह्या माणसाने ती एक काही उघडली नाही. रागाच्या भरात आठवड्यात विकून टाकली. मर्लकडे काम येईनासं झालं, तो गोठ्यांमधली दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायला लागला, आणि आर्लीनने भावाचं तोंड पाहायचं सोडलं. आईच्या दफनाला दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभी होती.

आता हे रिव्हॉल्वर खरं निघालं तर काय? बाकावर पडलेल्या त्या लोखंडाकडे बघताना आर्विनला भीती वाटली. त्याने ताणाचा स्क्रू काढून मोजला. पूर्ण लांबीचा होता. स्प्रिंग मोजली. हलकी होती, पण बेताची. मग त्याने सगळं पुन्हा जुळवलं.

"मोजमापाचं काय," तो म्हणाला, "उडवून बघू."

शेडमागे मातीचा बांध होता आणि त्यापुढे पाच गोल पाट्या. आर्विनने स्वतःच्या डब्यातली सहा काडतुसं भरली. दुसऱ्याच्या हातचं काडतूस त्याला चालत नसे. सगळी तो स्वतःच्या यंत्रावर, दारू घालून, टोपी बसवून भरे. चार उडाली, दोन नुसती टिक करून राहिली. त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं.

"बघितलंस? तोच रोग. एकोणीस वर्षांत माणूस बदलला नाही."

डोरीनने ती दोन काडतुसं पुन्हा चक्रात घातली. दुसऱ्या फटक्याला दोन्ही उडाली. तिने भुवया उंचावल्या. मग खिशातून स्वतःची काडतुसं काढून सहा उडवली, पुन्हा सहा, पुन्हा सहा. एकही अडलं नाही.

"तुझ्या टोप्या मऊ असतील," आर्विन म्हणाला.

"तुम्ही कुठल्या वापरता?"

त्याने कंपनी सांगितली.

"माझ्याही त्याच."

मग तिने कोरं रिव्हॉल्वर उचललं, कुणीही न उघडलेलं, कडक स्प्रिंगचं, आणि त्यात आर्विनची काडतुसं भरली. पाचव्याला टिक झालं. आर्विन त्या रिव्हॉल्वरकडे बघत राहिला. ह्याला मर्लने हातही लावला नव्हता.

डोरीन आता त्याचा डबा चाचपत होती. बस सुटायच्या आधी ती रोज चाकांच्या नटांवरून बोटं फिरवते, तशीच प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवत होती. दहा-बारा तिने बाजूला काढली.

"हात लावा इथे. टोपी वर राहिलीय. खोल बसलीच नाही. पहिल्या फटक्याला ती आत जाते नि घोड्याचा सगळा जोर त्यातच जातो. दुसऱ्या फटक्याला उडते. यंत्राचा दांडा पुढे जोरात दाबत नाही का तुम्ही?"

"जोरात दाबली तर हातात उडेल," आर्विन म्हणाला. "टोपीचा काय भरवसा?"

हे बोलून झालं आणि त्याने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चाळीस वर्षं तो तो दांडा असाच, कुत्र्याला हात लावावा तसा, बिचकत दाबत आला होता. स्वतःच्या रिव्हॉल्वरमध्ये तो नेहमी कडक स्प्रिंग ठेवी, हलक्यावर विश्वास नव्हता म्हणून. त्यामुळे बहुतेक उडत. एखादं अडलं की टोपीवाल्या कंपनीला शिव्या घालून डबा बदले. काखेत कळसा नि गावाला वळसा. सगळ्या जगावर संशय घेतला, एक स्वतःचा उजवा हात तेवढा सोडला.

"सामन्याच्या दिवशीची काडतुसं कुणी भरली होती?" डोरीनने हळूच विचारलं. ती गोष्ट क्लबात कुणाला ठाऊक नव्हती?

"मी," तो म्हणाला. "आणखी कोण भरणार?"

तो शेडमध्ये बाकापाशी परत आला. जुनं रिव्हॉल्वर पुसून त्याने डोरीनच्या हातात दिलं. "हेच घे. ह्याला माझा हात नको लावायला. काही लागलंच तर ज्याने केलंय त्याच्याकडे ने."

"तो आता हे काम करत नाही, आर्विन."

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

दुपारी त्याने गाडी काढली. आर्लीन नि मर्लचं शेफरस्टाउन अकरा मैलांवर. एकोणीस वर्षांत त्या रस्त्याला तो गेला नव्हता. घराला नवा रंग होता, आणि गोठ्यापाशी दुधाच्या यंत्रांच्या नळ्या वाळत घातल्या होत्या. आर्लीनने आतलं दार उघडलं. बाहेरच्या जाळीच्या दाराची कडी तिने तशीच ठेवली. केस पांढरे झाले होते तिचे.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. कुणी गेलं नाही, आर्लीन. मी सांगायला आलोय. स्क्रू नव्हता तो. टोप्या होत्या. माझ्याच. मीच नीट बसवल्या नव्हत्या."

तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"मर्लने तुला सांगितलं होतं," ती म्हणाली. "दोनदा. एकदा मैदानातच आणि एकदा आपल्या आईच्या स्वयंपाकघरात. मी तिथेच होते. तू त्याचं तोंड निरखत होतास, खोटं बोलतोय का बघायला. तो काय म्हणतोय ते तू ऐकलंच नाहीस."

आर्विनला आठवायचा प्रयत्न करूनही ते शब्द आठवेनात. मर्लच्या कपाळावरचा घाम तेवढा आठवला. तेव्हा तो त्याला गुन्ह्याचा पुरावा वाटला होता.

"कोण आलंय?" आतून मर्लचा आवाज आला.

"आर्विन."

आतला काट्या-सुऱ्यांचा आवाज थांबला. मग मर्ल म्हणाला, "काय हवंय त्याला?"

"काही नकोय म्हणावं," आर्विन म्हणाला. "चूक माझी होती, एवढंच."

"काही नको असताना तो अकरा मैल यायचा नाही," मर्ल आतूनच म्हणाला. "नीट विचार त्याला."

आर्लीन जाळीआडून भावाचं तोंड निरखू लागली, डोळे, कपाळ, ओठांचे कोपरे, सगळं सावकाश. आर्विनला घाम फुटला. तो पुसावा की राहू द्यावा, तेही त्याला कळेना. पुसला तर ती काय समजेल, नाही पुसला तर काय समजेल.

"खरंच काही नकोय," तो पुन्हा म्हणाला, आणि आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटतोय हे त्याच्या लक्षात आलं.

"बस पायरीवर," आर्लीन म्हणाली. "त्याचं जेवण होऊ दे. मग विचारते त्याला, तुला आत घेऊ का ते."

तो पायरीवर बसला. आत काट्या-सुऱ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला. कडी अजून लागलेलीच होती.