खारीच्या गोष्टीचा आशय

मोहफुलांचा वास आला, की सौंदडच्या शाळेतला माझा सातवीचा वर्ग आठवतो. वाऱ्यानं पाडलेलं घरटं पुन्हा पुन्हा बांधणाऱ्या खारीची गोष्ट मी वाचून दाखवली आणि विचारलं, “ही गोष्ट खरं तर कशाबद्दल आहे?”

“खारीबद्दल!” सगळे ओरडले.

उत्तर मिळाल्याशिवाय पुस्तक मिटायचंच नाही, असं ठरवून मी पुन्हा विचारलं.

वैशाली उठली. सातवीनंतर तिची शाळा बंद करायचं घरी ठरलं होतं.

“मॅडम, हट्टाबद्दल आहे. मी बी शाळा नाही सोडत. बाबाले आजच सांगीन.”

तेव्हा मला उत्तर बरोबर आल्याचाच आनंद झाला होता. त्यामागची हिंमत आता कळते. तिनं घरी सांगितलंच. बाबा खूप चिडले, पण शाळा उघडली तेव्हा ती आठवीच्या वर्गात बसली होती.