‘घसरून पडला’ म्हणणाऱ्यांस

आमच्या अहमदपुरात आजही सांगतात, की तो लंगडा फौजी ट्रकमधून घसरून पडला होता. साफ खोटे! लष्करी नोंदीत तसे लिहिले होते, एवढेच खरे. ती नोंद बदलून ‘लढाईतली जखम’ असे लिहून घेण्यासाठी तो नव्या लातूर जिल्ह्याच्या सैनिक कचेरीत खेटे घालत होता. “कागद जुन्या जिल्ह्यात राहिले,” हेच उत्तर मिळे.

दुष्काळात टँकरच्या रांगेत तो माझ्या मागे असे. अधू माणसांना पुढे सोडण्याची आमची रीत. तो मात्र हलत नसे. अपघाताचा लंगडा म्हणून पुढे जाणे म्हणजे ती नोंद कबूल करणे, असे तो मानी.

एकदा एक दुकानदार हसला, “पडलेल्यालाबी पुढं सोडतो की आम्ही, मामा!”

फौजीने घागर ठेवली आणि विजार गुडघ्यापर्यंत सारली. पोटरीच्या दोन्ही अंगांना गोळीचे वण मी स्वतः पाहिले.

“घसरल्यानं आरपार भोक पडतंय व्हय रे?”

“चुकलं मामा. व्हा पुढं.”

“सरकारनं लिहून दिलं की होईन.”

माझी घागर भरली आणि पाणी संपले. त्याने रिकामी घागर खांद्यावर घेत मला विचारले, “गुरुजी, लातूरची पहिली एसटी किती वाजता हाय?”