हंबीररावांची तीन धारांची हमी

नोकरीच्या शेवटच्या वर्षी माझ्याकडे बेसबॉल आला. मी मराठी आणि इतिहास शिकवत असे. पण शाळेला कुठल्याशा योजनेतून बेसबॉलचं साहित्य मिळालं होतं, आमचे क्रीडाशिक्षक बदलून गेले होते, आणि ज्या दिवशी हे काम कुणाला द्यायचं ते ठरलं त्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत उशिरा पोहोचलो. पेटीत चार बॅटी, अकरा हातमोजे, डझनभर चेंडू आणि एक इंग्रजी नियमपुस्तक होतं. पुस्तक मी आठवड्यात वाचून काढलं. मुलं कशी निवडायची ते मात्र त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

ते मला हंबीररावांनी शिकवलं.

हंबीरराव म्हणजे पेठ वडगावच्या जनावरांच्या बाजारातले म्हशींचे दलाल. अंगानं सडपातळ, डोक्याला गुलाबी पटका, काखेत बारा महिने काळी छत्री. आमच्या शाळेचं मैदान त्यांच्या बाजाराच्या वाटेवर. एकदा मी चाळीस मुलांना ओळीत उभं करून चेंडू फेकायला लावत होतो, तेव्हा ते कुंपणाच्या भिंतीवर हात टेकून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, त्यो तिसरा घेऊ नका."

"का? चांगला फेकतोय की."

"फेकतोय चांगला. पर चुकल्यावर हाताकडं बघतोय. हाताकडं बघणारा उद्या हातमोजा बदलून मागंल, परवा चेंडूला नावं ठेवंल. चुकल्यावर चेंडूच्या मागं पळतोय त्यो घ्या."

मी पाहिलं, तर खरंच तसं होतं. दुसऱ्या दिवसापासून हंबीरराव भिंतीच्या आत आले आणि मुलांचे हंबीरआबा झाले.

त्यांची पारख बाजारातली होती. म्हैस घेताना लोक कास बघतात, शिंगं बघतात. हंबीरराव आधी तिच्या मागं जाऊन फट्कन छत्री उघडत. बुजली, तर पुढं बघायचंच नाही. बाजारात त्यांचा स्वतःचा एक नियम होता: तीन धारांची हमी. नव्या घरी गेल्यावर पहिल्या तीन धारांत म्हशीनं लाथ मारली किंवा दूध कासेत चोरून धरलं, तर हंबीरराव तिला परत आणत. अडतीस वर्षांत एकच म्हैस परत आली होती. तीसुद्धा घेणाऱ्याच्या सुनेनं वासाचा साबण बदलला म्हणून. ते सांगताना त्यांचा चेहरा घरात दुःख झाल्यासारखा व्हायचा.

"गुरुजी, ताकद काय, वैरण घातली की येतीया," ते म्हणत. "डोस्कं ठिकाणावर हाय का, त्ये आधी बघायचं."

मग मुलांची डोकी तपासली जाऊ लागली. मुलगा चेंडू टाकायला हात मागं नेई, तोच त्याच्या मागं छत्री उघडे. दुधाच्या किटलीचं झाकण वाजे. आणि तोंडाचा पट्टा तर चालूच असे. "हात हाय का पडवळ?" "आरं, आमची गाभण म्हैस शेपटीनं माशी मारती, तिचा नेम तुझ्यापेक्षा बरा." आठवडाभरात चाळीसातली बावीस मुलं खो-खोकडे गेली. उरलेल्यांतून नऊ निघाली.

त्यांतला सोमेश हे त्यांचं रत्न. वडगावात किराणा दुकान असलेल्या रेवणसिद्धांचा हा मुलगा, दहावीत, उंच, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरनं तो बॅट घेऊन उभ्या असलेल्याच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या चौकटीतून काढायचा असतो. सोमेश दहातले आठ त्या चौकटीतून काढायचा. पहिल्यांदा मागं छत्री उघडली तेव्हा त्यानं वळूनही पाहिलं नाही. चेंडू टाकला आणि म्हणाला, "आबा, मिटा आता. ऊन न्हाय, पाऊस न्हाय."

हंबीररावांनी छत्री मिटली आणि माझ्याकडं पाहून नुसती मान हलवली. त्या रात्री ते खुशीत दोनदा जेवल्याचं त्यांच्या पत्नी आक्काताईंनी मला सांगितलं.

जिल्हा संघाची निवडचाचणी कोल्हापूरला होती. सोमेशच्या दृष्टीनं ती एकच संधी, कारण पुढच्या वर्षी वय बसणार नव्हतं. शिवाय रेवणसिद्धांनी सरळ सांगितलं होतं, "निवडला तर खेळू दे. न्हाय निवडला तर शाळा सुटली की दुकानात. गूळ फोडायला मला माणूस मिळंना झालाय."  त्या आठवड्यात सोमेश सकाळी शाळा उघडायच्या आधी भिंतीवर खडूनं चौकट आखून एकटाच चेंडू टाकत असल्याचं मी दोनदा पाहिलं.

चाचणीला मी, सोमेश, आमचा कॅचर संघर्ष आणि हंबीरराव असे एसटीनं गेलो. संघर्ष म्हणजे पिचरचा चेंडू पकडायला समोर बसणारा मुलगा. गोलमटोल, आणि इतका सभ्य की पंचाचा धक्का लागला तर हाच माफी मागायचा.

निवड करणारे उदयसिंह म्हणून एक शिक्षक होते. मऊ बोलणारे, गळ्यात शिट्टी, हातात छापील तक्ता. तक्त्यात वेग, अचूकपणा आणि शेवटी 'मानसिक कणखरपणा: वीसपैकी' असा रकाना होता. हंबीरराव थेट त्यांच्याजवळ गेले.

"पावणं, ह्ये सोमेश माझ्या हमीवर हाय. छत्रीला बुजत न्हाय."

उदयसिंहांनी आधी छत्रीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि नम्रपणे म्हणाले, "आजोबा, बाहेरच्या माणसांनी फाटकापलीकडं थांबायचंय. मैदानात पूर्ण शांतता हवी."

आम्ही दोघं फाटकाबाहेर जाऊन थांबलो. पिचरची एकच जागा उरली होती. प्रत्येकाला पंधरा चेंडू. सोमेशनं पहिला टाकला, तो चौकटीच्या हातभर बाहेरून गेला. दुसरा जमिनीत. तिसरा संघर्षच्या डोक्यावरून जाऊन मुलांच्या डब्यांच्या ढिगात शिरला. चौथा, पाचवा, सहावा तसेच. सोमेश प्रत्येक चेंडूनंतर इकडंतिकडं बघत होता, जणू काहीतरी हरवलंय. मैदानावर इतकी शांतता होती की उदयसिंहांचं पेन कागदावर चालल्याचं ऐकू येत होतं.

फाटकाबाहेर माझ्या शेजारी हंबीररावांचा चेहरा त्या साबणाच्या म्हशीच्या वेळेसारखा झाला होता. एकाएकी ते म्हणाले, "गुरुजी, हितं कुणी कायच बोलंना की."

"शांतता ठेवायला सांगितलंय ना."

"तेच म्हणतोय. पोराला गोठा नवा वाटाय लागलाय."

मला कळायच्या आत ते कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर उभे राहिले. "आरं ए पडवळा," त्यांचा आवाज अख्ख्या मैदानावरून गेला, "बापाच्या दुकानातला गूळबी असाच भिरकावतोस व्हय? माशा बरा नेम धरत्यात."

सोमेशचे खांदे खाली आले. मला लांबूनही ते दिसलं. सातवा चेंडू चौकटीच्या बरोबर मधून गेला. हंबीरराव बोलत राहिले आणि राहिलेल्या आठांपैकी सात चेंडू आत पडले.

शिट्टी वाजली. उदयसिंह फाटकाकडं येऊ लागले. स्कूटरचा मालकही येत होता, पण तो निदान लांब होता. हंबीरराव उतरून शहाण्यासारखे उभे राहिले.

"आजोबा, असं करायचं नसतं," उदयसिंह म्हणाले. "पण खरं सांगू? असा मुलगा मी पाहिला नाही. सुरुवात बिघडलेली, वरून तुम्ही एवढं टाकून बोलताय, आणि तो हलला नाही. उलट सुधारला. मी कणखरपणाला वीसपैकी वीस दिलेत. वेग आहेच. घेतोय मी त्याला."

मी सुटकेचा श्वास घेतला. हंबीररावांनी मात्र पटका काढून हातात घेतला. मी त्यांचा सदरा मागून ओढला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"साहेब, एक खोड सांगायची ऱ्हायली."

"कसली खोड?"

"तुमचं उलटं व्हायलंय. त्यो शिव्या सोसून टाकत न्हाय. शिव्या असल्या तरच टाकतोय. इतकं दिस रोज मीच बोलत आलोय. म्या छत्री उघडून बघितली, झाकण वाजवून बघितलं, पर गप बसून काय बघितलं न्हाय. चूक माझी हाय, पोराची न्हाय. पर खोड लपवून जनावर... म्हंजे पोरगं द्यायचं न्हाय, अशी आपली रीत हाय."

उदयसिंहांनी पेन काढलं. मग त्यांनी तक्त्यावरचे वीस खोडले. लांबून सोमेश ते बघत होता.

"सामन्यात तुम्हाला स्कूटरवर उभं राहता येणार नाही," ते म्हणाले.

"ठाऊक हाय."

"मग त्याच्याशी बोलायचं कुणी?"

आम्ही तिघांनीही एकदमच संघर्षकडं पाहिलं. तो पिचरच्या समोरच बसलेला असतो आणि बोलायला त्याला कुणाची बंदी नसते. उदयसिंहांनी आणखी पाच चेंडू द्यायचं कबूल केलं. संघर्षला बोलावून काम समजावलं. तो जागेवर जाऊन बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सोमेश, तू... तू आज जरा नीट टाकत नाहीयेस."

चेंडू डब्यांत गेला. हंबीररावांनी डोळे मिटून घेतले.

मग एका कोऱ्या तक्त्याच्या पाठीवर हंबीररावांनी सांगितलं आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहून घेतलं: पडवळ, गाभण म्हैस, गूळ, माशा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत असलं शुद्धलेखन मी कधी लिहिलं नव्हतं. संघर्षनं कागद गुडघ्यावर ठेवून पहिलं वाक्य धड्यासारखं वाचलं. चेंडू चौकटीच्या काठाला लागून गेला. दुसरं वाचलं. आत. तिसऱ्या वेळी त्यानं कागद खाली ठेवला आणि स्वतःच्या मनानं ओरडला, "आरं टाक की सोम्या, हंबीरआबा फाटकात रडाय लागल्यात."

हंबीरराव रडत नव्हते, निदान मला तरी दिसलं नाही. पण तो चेंडू मी पाहिलेला सोमेशचा सगळ्यात वेगवान चेंडू. पुढचाही आत पडला.

उदयसिंहांनी कणखरपणाच्या रकान्यात सोमेशला दहा दिले, आणि उरलेले दहा संघर्षच्या तक्त्यात लिहिले. दोघेही संघात आले. अट एकच घातली: सामन्यात हंबीररावांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. "नाहीतर मी मुलगा निवडला की तुम्हाला, हे मलाच कळणार नाही."

"तीन सामन्यांची हमी माझी," हंबीरराव म्हणाले. "लाथ मारली तर घरी न्हेतो."

विभागीय स्पर्धा त्या वर्षी कोल्हापुरातच झाली. पहिल्या दोन सामन्यांत हंबीरराव जाळीमागं पटक्याचं टोक दातांत धरून उभे होते. न बोललेलं सगळं घरी जाऊन आक्काताईंना ऐकवत. "पोरगं थितं खेळतंय आणि पडवळ मी," असं त्या मला सांगत होत्या.

तिसऱ्या सामन्याला मात्र संघर्षचा घसा बसला होता. दोन दिवस ओरडून त्याच्या तोंडून नुसती हवा येत होती. शेवटचा डाव, आमच्याकडं एकाच धावेची आघाडी, तिन्ही तळांवर समोरच्या संघाची मुलं, आणि सोमेशचे तीन चेंडू ओळीनं बाहेर गेले. चौथा बाहेर गेला असता तर समोरच्याला फुकट पुढं जायला मिळून तळांवरचे तिघेही एकेक तळ सरकले असते आणि सामना बरोबरीत आला असता. सोमेशनं चेंडू हातात फिरवला आणि जाळीकडं पाहिलं.

हंबीररावांच्या दातांत पटका तसाच होता.  लख्ख उन्हात त्यांनी काखेतली छत्री काढली आणि फट्कन उघडली.

सोमेश हसला. मला तो शब्द ऐकू आला नाही, पण ओठांवरून कळला: "मिटा."

मग त्यानं चेंडू टाकला, चौकटीच्या मधून. आणि पुढचे दोनही. तीन आत पडले तसा त्यांचा शेवटचा गडी बाद झाला आणि सामना आम्ही जिंकला. हंबीररावांनी तिसरा आत पडेपर्यंत छत्री मिटली नाही, आणि तीन सामन्यांची हमी पुरी होऊनही परतीच्या एसटीत वडगाव येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.